उरलेलं बोट

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं, की दारापुढची सायकलसुद्धा दिसेना. लाखेच्या पॉलिशला दमट हवा म्हणजे वैरीण. ओल लागली की चकाकी पांढुरकी पडते. म्हणून मिस्त्रीने खिडक्या लावून घेतल्या, मोठा बल्ब लावला, मागे वळला, तर बायको टेबल पुसत होती. स्पिरिटने.

"अगं, काय करतेस!"

"शाईचा डाग राहिला होता तुमचा. नजर गेलीय तुमची, म्हटलं आपणच काढावा."

मिस्त्रीने तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. डाग दिसला की पुसायचा, ही या घराची तीस वर्षांची रीत. पण हा डाग ठेवायचा होता. टेबल शाळेतल्या बाईंचं. त्यांची लेक सातव्या वर्षी तापाने गेली. तिची शाईने भरलेली दोन बोटं टेबलाच्या कोपऱ्यावर उमटली होती. "बाकी सगळं नवं करा, एवढं सोडा," असं बाईंनी बजावलं होतं. हा गडी ते घरात सांगायलाच विसरला. शाई लाकडात उतरली नव्हती, जुन्या लाखेत होती. लाख विरघळली, तिच्याबरोबर एक बोट गेलं. पुसल्याचा पांढरा पट्टा दुसऱ्या बोटाच्या कडेला भिडला होता. आणि बाई अकराला येणार होत्या.

सगळं ऐकून बायको खाली बसली. हळूच म्हणाली, "शाई आणू? एक बोट उमटवा की. कोणाला कळतंय?"

"कोणाचं उमटवू? माझं?"

तिने स्पिरिटच्या बाटलीला बूच लावलं.

स्पिरिट उडून जाईपर्यंत त्याने दम धरला. मग बारीक ब्रशने त्या पट्ट्यावर रंगीत लाख भरली. आता स्पिरिटमधल्या लाखेत भिजवलेला कापसाचा बोळा. उरलेल्या बोटावरून तो एकदाच, हलक्या हाताने न्यायचा. दुसऱ्यांदा गेला तर तेही विरघळणार. मध्ये थांबला तर चिकटणार. त्याने श्वास रोखून बोळा टेकवला, आणि दार वाजलं.

"झालं का, मिस्त्री?" बाई अर्धा तास आधीच आल्या होत्या.

त्याने मान वर केली नाही. बोळा बोटावरून सरकला, पुढे गेला, गोल फिरत कडेला उतरला. बोट जागेवर होतं. तेव्हा कुठे तो बोलला, "बाई, एक गेलं. माझ्या हातून."

"खोटं बोलतायत," बायको उठली. "मी पुसलं. मला ठाऊक नव्हतं."

बाई वाकून बघत राहिल्या.

"दोन होती," त्या म्हणाल्या. "हे आता जाईल?"

"नाही. वर लाख बसली. फक्त आज हात लावू नका."

बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. "मग परवा येते. आज थांबले तर तुम्हा दोघांना नको ते बोलून बसेन."

त्या धुक्यात गेल्या. बायकोने डोळे पुसले. मिस्त्रीने कोपऱ्यातली तीन पायांवर उभी खुर्ची ओढली, उलटी केली, आणि चौथा पाय बसवायच्या आधी त्याला चिकटलेला जुना सरस खरवडायला घेतला.