सहावा रोल

कॅमेऱ्यातले स्लाइडचे रोल धुणारा शहरात एकच माणूस उरला होता, आणि तोही कंटाळला होता. सगळे त्याला लॅबमामा म्हणत. बायकोला मात्र कुणी लॅबमामी म्हटलेलं खपत नसे. "त्या वासाशी माझा काही संबंध नाही," असं ती येणाऱ्याला दारातच ऐकवी.

मामाच्या टाकीत सहा रोल बसत. सहा जमल्याशिवाय रसायन कालवायचं नाही, हा त्याचा बाणा. एके काळी सकाळच्या चहाआधीच टाकी भरायची. आता उन्हाळ्यापासून वाट पाहून पाचच जमले होते. रसायनाचं खोकं शेवटचं, पुरवठादाराने हात वर केलेले, आणि खोक्यावरची मुदतही संपत आलेली.

पाचांतला एक रोल पक्षीसाहेबांचा. जन्मभर झाडाखाली मान वर करून उभा राहिलेला माणूस. आता डोळे विझत चालले होते, आणि डॉक्टरांनीही फार आशा दाखवली नव्हती. तरी दर आठवड्याला धापा टाकत जिना चढत.

"झालं का, मामा?"

"एक कमी आहे, साहेब."

"मला दिसतंय तोवर कर बाबा, एवढंच."

ते गेले की बायको सुरू व्हायची. "अहो, पाचच धुवा ना. टाकी काय रुसून बसणार आहे?"

"आणि उद्या कुणी सहावा घेऊन आला तर? त्याला काय तोंड दाखवू?"

"तुमचा सहावा कधीच फोनवर फोटो काढायला लागला."

सहावा आला नाहीच. मुदत संपायच्या आदल्या दिवशीसुद्धा टाकी अर्धपोटी चालवणं मामाच्या जिवावर आलं. त्याने कपाटातला कॅमेरा काढला, पडून राहिलेला एक रोल त्यात भरला आणि बायकोला खिडकीशी बसवलं.

"हसू का?"

"नको. ओळखू येणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी टाकी भरून चालली. पाच रोल झकास आले. सहावा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाकुट्ट. मामाला बघताक्षणी कळलं: फिल्म चक्रीत अडकलीच नव्हती, जागची हललीच नव्हती; दुपारभर नुसतीच खटखट. हीच गोष्ट तो आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावत आला होता, तीही बऱ्यापैकी अपमान करून.

"लोकांचे जन्मभर धुतलेत," बायको म्हणाली, "स्वतःचा एक नुसता काढायचा होता."

संध्याकाळी पक्षीसाहेब आले. उजेडाच्या पेटीवर आपल्या फिल्मची पट्टी ठेवली, भिंगाला डोळा लावला. बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले.

"मामा, तूच बघून सांग. फांदीवर आहे का?"

मामाला उन्हाळ्यापासूनचे सगळे आठवडे एकदम आठवले. तो वाकला. पक्ष्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. कळायचे ते रंग.

"आहे, साहेब. निळा आहे. गळ्याशी जरा तांबूस. डोळ्यात उजेडाचा ठिपकासुद्धा आलाय."

"निळा कसा आलाय?"

"चोख."

साहेब चाचपडत स्टुलावर बसले. "पुढचा सांग."

मामाने दुसरं स्टूल ओढलं, कमरेवर हात ठेवून त्यावर टेकला, आणि पट्टी पुढे सरकवली.