गोंगाट आणि चाहूल

"हे काय आहे ते राहू द्या. हे करतं काय, ते सांगा."

कुठल्याही वस्तूवर बोट ठेवून बाई हेच विचारायच्या. कॉलेजच्या कँटीनमध्ये त्यांनी एकदा माझी बशी उचलली.

"चहा निववते," मी म्हणालो.

"आणि कपाखाली असते तेव्हा?"

"सांडलेला धरते."

"वस्तू एक, कामं दोन. आता हे संगणकाला सांगून दाखवा."

तेच त्यांचं काम. सोलापुरात अभियांत्रिकी शिकवता शिकवता त्या यंत्रमागाची ऑन्टॉलॉजी रचत होत्या. मागाचे भाग, त्यांची कामं, दोष आणि त्यांची आपसातली नाती संगणकाला कळतील अशा काटेकोर व्याख्यांत मांडायची. मग त्याआधारे संगणक मागाच्या दोषावर भलत्याच यंत्रांतले उपाय सुचवतो. मी बातमीसाठी गेलो होतो. बातमी चार ओळींची झाली, जाणं-येणं मात्र राहिलं.

बाईंना कमी आवाजाचा माग हवा होता. त्यांचे वडील विणकर. मागाच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत.

एका कारखानदाराने एक माग दिला. अट एकच: कापड बिघडलं की प्रयोग बंद.

आडवा धागा घेऊन धावणारा धोटा जिथं आदळतो, तिथं संगणकाने सुचवलेलं मऊ अस्तर बसलं. माग शांत झाला आणि टॉवेलांवर पट्टे उमटले. मागावरचा विणकर वैतागला.

"आक्का, मला बायकोचं ऐकू येत न्हाय, पन धोटा अडखळला की आवाजावरनं कळायचं. तुमी तर माग मुका केलाव की!"

"बाई, बास आता," कारखानदार म्हणाला.

बाईंनी आठवडाभराची मुदत मागितली. "चूक मागात नाही, माझ्या व्याख्येत आहे," त्या मला म्हणाल्या. त्यांनी 'आवाज' हा शब्द फक्त 'अपाय' या वर्गात घातला होता. तो काढून त्यांनी दोन शब्द घातले: गोंगाट आणि चाहूल. गोंगाट इजा करतो, चाहूल खबर देते. आता संगणकाने कानाविना खबर पोहोचवणारे उपाय शोधले. अस्तर तसंच ठेवून बाईंनी कंप टिपणारा सेन्सर आणि एक दिवा बसवला. धोटा अडखळला की दिवा लागायचा.

टॉवेल स्वच्छ निघाले. "बाकीच्या मागांना कधी बसवताय?" कारखानदाराने विचारलं.

सगळे माग झाले, आणि बाई निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला निघाल्या. निरोपाला कारखान्यात आल्या तेव्हा मी सोबत होतो. शेडमध्ये साध्या आवाजात बोलता येत होतं. त्यांनी विणकराला तसंच विचारलं, "बरं चाललंय ना?"

तो कानामागे हात धरून वाकला. "काय म्हनलाव, आक्का? जरा मोठ्यानं बोला की!"

बाई त्याच्याजवळ सरकल्या आणि ओरडून विचारलं.