‘समजलं नाही सर’ म्हणणारी मुलगी

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. सकाळी दुकान बंद ठेवून हुलसूरहून बसवकल्याणला गेलो. मयुरीच्या कॉलेजात पालकांची मीटिंग होती. दुपारी परत आलो.

मी इथं फारसं लिहीत नाही. फेब्रुवारीत सुनंदा, माझी बायको, गेली... त्यानंतर तर नाहीच. आज लिहावंसं वाटलं.

मयुरी आमची एकुलती एक. आई गेली आणि महिन्याभरात तिची दहावीची परीक्षा होती. ती कशी बसली आणि कशी पास झाली, तिचं तिलाच माहीत. जूनमध्ये तिनं स्वतःच्या मर्जीनं पीयूसी सायन्स घेतलं, म्हणजे आमच्या कर्नाटकातलं अकरावी सायन्स.

दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालेलं. कॉलेजात पुस्तकं इंग्लिशमधली आणि शिकवणं भरभर कन्नडमध्ये. आम्हाला कन्नड येत नाही असं नाही, पण ते बाजारातलं... भाव करायचा, बस विचारायची. त्यात फिजिक्स बसत नाही.

पंधरा दिवसांतच ती गप्प झाली. कॉलेज कसं चाललंय विचारलं, की ‘चांगलंय’. जुलैच्या शेवटी एक दिवस बसमधून उतरली ती सरळ दुकानात आली आणि म्हणाली, “पप्पा, मला सायन्स न्हाई जमायलं. आर्ट्सला टाका मला.”

मी हातातला पाना खाली ठेवला. घरात बोलायचं काम सुनंदाचं होतं. मी पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करणारा माणूस... मी म्हणालो, “अजून एक महिना बघ, मग टाकू.” ती ‘व्हय’ म्हणाली आणि घरी गेली.

त्या रविवारी भालकीहून माझी मोठी बहीण आली. ती दर पंधरवड्याला येते, ‘बरं आहे का’ विचारते, मी ‘व्हय अक्का’ म्हणतो, चहा होतो, ती जाते. या वेळी तिनं चहाचा कप खाली ठेवला.

“हाडं दिसायलेत तुझी. अन् विचारलं की व्हय अक्का, बरंय अक्का! माझ्यापुढं खोटं कामून बोलायलास?”

मयुरी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. का कोण जाणे, पण त्या दिवशी माझ्या तोंडून ‘व्हय’ निघालंच नाही. म्हणालो, “न्हाई अक्का. बरं न्हाई. स्वयंपाक जमंना, झोप येईना... हे घर कसं चालवायचं तेच मला कळंना.”

मला वाटलं आता ही रडणार. अक्का रडली नाही. पदर खोचून म्हणाली, “मग हे फेब्रुवारीतच सांगायचं की! ऊठ. वांगी चीर.”

तेव्हापासून ती दर रविवारी येते. मला आता वरण येतं, दोन भाज्या येतात. भाकरी अजून कर्नाटकच्या नकाशासारखी होते... असो.

तर आजची मीटिंग. फिजिक्सच्या सरांनी माझं नाव पुकारलं. महिना संपत आला होता. वाटलं, आता हेच म्हणणार... मुलीला आर्ट्सला टाका.

सर धारवाडकडचे. माझं कन्नड ओळखून त्यांनी सावकाश सांगितलं. रोज तास संपला की ते विचारतात, “तिळीता?” म्हणजे समजलं का. रोज सगळा वर्ग म्हणतो, “हूं सर.” दोन महिने हेच चाललेलं. मग एक दिवस शेवटच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “तिळीलिल्ल सर.” समजलं नाही सर.

वर्ग हसला. सरांनी विचारलं, आणखी कुणाला समजलं नाही? आधी एक हात वर आला... आळंदकडच्या एका मुलाचा. शाळा कन्नडमधली, तरी त्यालाही कळत नव्हतं. मग मागून, पुढून, हात येतच राहिले. सर हसून म्हणाले, “वर न आलेले हात मोजणं सोपं होतं.”

आता ते दर शनिवारी दुपारी जादा तास घेतात. धडा पुन्हा हळू सांगतात. मग मयुरी मराठी मुलांना मराठीत समजावते आणि तो मुलगा कन्नड मुलांना कन्नडमध्ये. परवाच्या टेस्टमध्ये ती पहिलीबिहिली आली नाही. पास झाली. आणि शेवटच्या बाकावरून दुसऱ्या बाकावर आली.

बाहेर व्हरांड्यात ती मैत्रिणींबरोबर उभी होती. म्हणाली, “पप्पा, ह्या पोरी मला तिळीलिल्ल म्हणून चिडवायलेत!” आणि हसली. फेब्रुवारीनंतर तिचं असं मोठ्यानं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी विचारलं, “सगळ्यांसमोर बोलायला भ्याली न्हाईस?”

“भ्याले की. पण तुम्ही आत्याला सांगितलंत तवा कुठं काय झालं? उलट वांगी चिरायला शिकवलं तिनं.”

मी आर्ट्सचं विचारलं. ती म्हणाली, “कोण जायलंय आर्ट्सला?” आणि तासाला पळाली.

सुनंदा असती तर आज सगळ्या गल्लीला सांगून आली असती. मला ते जमत नाही, म्हणून इथं लिहिलं. त्या सरांचे आभार, आणि अक्का, तुझेही.

बसमधून उतरून सरळ दुकानात आलो. शटर वर केलं, झाडून घेतलं, आणि चार दिवसांपासून ‘उद्या देतो’ म्हणून ठेवलेली एक मोटार खोलायला घेतली.