चौथा कप्पा

आमच्या घरात स्वतःचा स्वतंत्र इन्व्हर्टर फक्त एकाला आहे, आणि हा मान घरातल्या कुठल्याही माणसाचा नाही.

तो आहे पेटीचा. पेटी म्हणजे माझा होम सर्व्हर. आकाराने पत्र्याच्या लहान डब्याएवढी, रंगाने काळी. समोर झाकण, झाकणामागे ओढून काढायचे चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक हार्ड डिस्क. अख्ख्या जवळा बाजारात अशी पेटी दुसऱ्या कुणाकडे नाही. (कुणाला नकोही आहे, पण ते मला उशिरा कळलं.) मी औंढ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा सहाय्यक आहे. म्हणजे पोरांनी बिघडवलेले माऊस बदलतो. घरी मात्र माझा रुबाब शास्त्रज्ञाचा.

पेटी घेतली ती बाबांसाठी. बाबा गेले तेव्हा त्यांचे फोटो, त्यांचा आवाज, सगळं कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये आणि जुन्या मेमरी कार्डांत विखुरलेलं होतं. ते मी गोळा केलं. त्यातली एक रेकॉर्डिंग बावीस मिनिटांची आहे. बाबा आपल्या लग्नाची गोष्ट सांगतात. नरसीला लग्न लावून वऱ्हाड परत निघालं, वाटेत ओढ्याच्या चिखलात ट्रक रुतला, आणि तो नवरदेवाने, म्हणजे बाबांनी, एकट्याने खांदा लावून बाहेर काढला. मागून आईचा आवाज येतो, "खोटं हाय ते. नवे बूट घालून कडंला हुबे होते." बाबा खळखळून हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून ट्रक ढकलायला घेतात. ते हसणं मी किती वेळा ऐकलं असेल, सांगता येत नाही. ते हरवलं तर बाबा दुसऱ्यांदा जातील असं मला वाटायचं.

म्हणून पेटी. पेटी बसवली त्या दिवशी मी आईला आणि वैशालीला, म्हणजे बायकोला, समोर बसवून व्याख्यान दिलं. चार बोटं वर केली. "ह्या चार डिस्का. प्रत्येकीला बाकीच्यांचं थोडं थोडं पाठ असतं. आता समजा, एक गेली." इथे मी करंगळी मुडपली. "तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं सांगतात. ह्याला पॅरिटी म्हणतात. आपल्या घरातून आता काहीच हरवू शकत नाही."

आईने माझी मुडपलेली करंगळी बराच वेळ पाहिली. "म्हंजे तिघीनं भागतंय की," ती म्हणाली. "मग चौथी काहून पोसून राहिला?"

मी हसलो. त्या वेळी हसायला नको होतं.

नियमही केले. झाकण उघडायचं नाही. पेटीला हात लावायचा नाही. पेनड्राइव्ह तर दाखवायचासुद्धा नाही, त्याने व्हायरस येतो. पेटी आईच्या खोलीत ठेवली, कारण ती खोली गार, आणि आई दिवसभर घरीच. म्हणजे राखणीची सोय फुकट झाली.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. बुद्धवंदना झाली की सगळ्या पाहुण्यांना टीव्हीवर बाबांची ती गोष्ट ऐकवायची, ही माझ्या ताईची इच्छा. ताई नांदेडला असते आणि तिची इच्छा म्हणजे आमच्याकडे शासन निर्णय असतो.

त्याच आठवड्यात, मंगळवारपासून, आईच्या खोलीच्या बाजूने बारीक आवाज येऊ लागला. टूं... टूं... टूं. गोधडीत तोंड घालून कुणी शिट्टी वाजवावी तसा. त्या भिंतीपलीकडे रफिकभाईंचं घर आहे. मी ताबडतोब निदान केलं, की रफिकभाईंचा इन्व्हर्टर गेला. शेजारधर्म म्हणून गुरुवारी त्यांच्या चपलांच्या दुकानावर जाऊन सांगायचंही ठरवलं.

दुकानात ईदची गर्दी होती. मला पाहताच रफिकभाई गल्ल्यावरून उठले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "भाऊ, बहुत मेहरबानी." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं! पण लोक मला मानतात याची मला सवय आहे. मी इन्व्हर्टरचं सांगितलं, आणि इन्व्हर्टरवरून गाडी आपोआप माझ्या पेटीवर आली. रफिकभाई मधे काहीतरी सांगू पाहत होते. मी म्हटलं, थांबा, आधी पॅरिटीचं होऊ द्या. पंधरा मिनिटं झाली. गिऱ्हाईकंसुद्धा एका पायात चप्पल घालून ऐकत उभी होती.

शुक्रवारी ताईचा फोन आला, की एकदा वाजवून बघ, ऐन वेळी फजिती नको. मी ऐटीत लॅपटॉप उघडला आणि रेकॉर्डिंग लावली. बाबा म्हणाले, "ट्रक चिखलात रु..." आणि थांबले. पुन्हा लावली. पुन्हा "रु..." आणि शांतता. ट्रक रुतलाच.

पेटीची हालत दाखवणारं पान उघडलं तर सगळं लाल. चौथी डिस्क गैरहजर. दुसऱ्या डिस्कवर वाचताना चुका. पॅरिटीच्या चुका तर मोजायला बसलो की पुढे पळत होत्या. एक गेली तर तिघी सांगतात, पण दोन गेल्या तर काय, हा भाग मी व्याख्यानात घेतलाच नव्हता.

मग मी कामाला लागलो. पहिला संशय व्होल्टेजवर. मिक्सर बंद केला. वैशालीने शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली आणि प्रत्येक घावाला माझ्याकडे पाहिलं. कूलर बंद केला. फ्रीज बंद केला, दूध नासलं. शनिवारी सकाळी नेटवर्कची वायर बदलली, पेटी लॅपटॉपवरूनच तीनदा बंद-चालू केली. इंटरनेटवरच्या एका दाढीवाल्या परदेशी गृहस्थाचे चार व्हिडिओ पाहिले. त्याने सांगितलेलं सगळं केलं. (शेवटी त्याने 'बॅकअप तर असेलच' असं म्हणून हात झटकले. मी व्हिडिओ बंद केला.) चुका वाढतच होत्या.

"पेटी उघडून पाह्यली का?" वैशालीने विचारलं.

मी तिच्याकडे दयेने पाहिलं. म्हटलं, उघडून काय दिसणार? असला दोष डोळ्यांना दिसत नसतो.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग एवढ्या मुंग्या तुमच्या पेटीत काहून चालल्यात, तेवढं त्या दाढीवाल्याला विचारा."

मी आईच्या खोलीत गेलो. पेटीवर गोधडी होती. खिडकीतून मुंग्यांची रांग निघून भिंतीवरून उतरत गोधडीखाली शिरत होती, वळण नाही की गोंधळ नाही. गोधडी उचलताच टूं टूं असा आवाज मोकळा झाला, आणि रफिकभाईंच्या इन्व्हर्टरची तब्येत एकदम सुधारली. मी झाकण उघडलं, चौथा कप्पा ओढला. आत डिस्क नव्हती. कागदाची पुडी होती. पुडीत मूठभर खडीसाखर आणि दोन खजूर.

हे ज्या घरात घडलं, तिथे आईच्या शुगरमुळे सहा महिने गूळसुद्धा कुलपात होता.

आई पलंगावर बसून सगळं पाहत होती. तिने काही लपवलं नाही. मंगळवारी रफिकभाईंच्या घरून शबानाभाभी आल्या होत्या. दुकानातल्या कॅमेऱ्याच्या मशीनची डिस्क जळाली, नवी यायला चार-पाच दिवस लागणार, ईदची गर्दी, भाऊंकडे एखादी जास्तीची आहे का? आईने चार बोटांचा हिशोब आठवला, चौथा कप्पा ओढला आणि देऊन टाकला. कॅमेऱ्यावाल्या मिस्त्रीने आतली डिस्क काढून घेतली आणि कप्पा भाभींच्या घरी परत पाठवला.

"अन् रिकामा कप्पा परत कसा दील ती?" आई म्हणाली. "भांडं रिकामं परत देत न्हाईत, एवढी रीत हाय तिला. तिनं खडीसाखर घालून देला. म्या तसाच आत सारला. तिथं कुणाला हात लावायची मुभा न्हाई, म्हणून ऱ्हायली ती. रोज एक खडा."

"आणि गोधडी?"

"वरडत व्हती. लेकरू वरडलं की पांघरूण घालतेत."

मी दुसरा कप्पा ओढला. मुंग्यांनी तिथे बिऱ्हाड थाटलं होतं. मी तसाच अनवाणी चपलांच्या दुकानाकडे धावलो. (हे दृश्य बाजाराने फार आवडीने पाहिलं.) रफिकभाईंनी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री शांतपणे म्हणाला, की मशीनमध्ये बसवताना डिस्क साफ करावीच लागते, आणि मंगळवारपासून तिच्यावर दुकान रेकॉर्ड होतंय. म्हणजे बाबांच्या ट्रकवरून पाच दिवस गिऱ्हाईकं चालत होती. रफिकभाईंचा चेहरा पडला. "भाऊ, परवा तुमी आले तवा मी तेच सांगून राहिलो होतो," ते म्हणाले. "तुमीच बोलू देलं न्हाई."

घरी येऊन मी पेटीसमोर खाली बसलो. रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही. आई जवळ येऊन उभी राहिली. तिचा आवाज लहान झाला होता. "माझ्यामुळं गेले का रे ते?"

मी कसंबसं 'नाही' म्हणालो. चूक माझीच होती; चार दिवस तो आवाज ऐकूनही मी शेजाऱ्याच्या भिंतीला दोष देत होतो. पण आता सांगून काय उपयोग? उद्या ताई येणार, पाहुणे येणार, आणि टीव्हीवर बाबा "रु..." म्हणून थांबणार.

"कोणतं गेलं पण?" आईने विचारलं. "ते लग्नाचं? ट्रकचं?"

मी मान हलवली.

"मग एवढा जीव काहून जाळून घेतो? ते नरसीला हाय की, तुझ्या कमलमावशीकडं. पेनड्राइव्ह धाडला व्हता म्या, दिवाळीतच."

मी वर पाहिलं. मग वैशालीकडे पाहिलं. वैशाली शेंगदाणे निवडण्यात एकदम गुंगून गेली. आईंनी मागितलं, मी दिलं, एवढंच ती म्हणाली. मी कॉलेजात असताना माझ्याच लॅपटॉपवरून, माझे सगळे नियम मोडून! आणि फक्त मावशीलाच नाही. साखऱ्याच्या चुलत्यांना, शबानाभाभींना, टेम्पोवाल्या भाच्याला. जो कुणी घरी येऊन बाबांची आठवण काढी, त्याला आई तसाच एक पेनड्राइव्ह भरून देत असे, विरजण द्यावं तसा. चौकशी केली तेव्हा बाबा एकंदर अकरा घरांत सुखरूप निघाले. ते धोक्यात होते फक्त आमच्या घरी.

रविवारी सकाळी कमलमावशी नरसीहून पेनड्राइव्ह घेऊन आली. तोही रिकामा नव्हता, म्हणजे जेवढा गेला होता तेवढाच नव्हता. तिच्या नातवाची तीस-चाळीस डीजेची गाणी होती, आणि मावशीच्या आवाजातली एक नवी रेकॉर्डिंग होती. मी व्हायरसचं काही बोललो नाही.

वंदना झाली. माणसं सतरंजीवर दाटीने बसली. बाबांनी ट्रक ढकलला, आईने त्यांना बूट घालून कडेला उभं केलं, बाबा हसले. सगळी खोली हसली, आणि ताई हसता हसता डोळे पुसू लागली. मग मावशीची रेकॉर्डिंग सुरू झाली. मावशी लग्नात आईची पाठराखीण म्हणून त्याच ट्रकमध्ये होती. तिचं म्हणणं, भावजींनी ट्रक ढकलला नाही आणि ते कडेलाही उभे नव्हते. ते केबिनमध्ये घोरत होते, आणि ट्रक ढकलायला नवी नवरी उतरली होती. आई पदरात तोंड लपवून लाजली. चाळीस वर्षं तिने ती गोष्ट बाबांना ढकलू दिली होती.

एवढ्यात रफिकभाई आले. मशीनची नवी डिस्क आली होती, आमची परत आणली होती. पण त्यांना अवघडल्यासारखं होत होतं. "भाऊ, तुमची भरलेली डिस्क नेली, आता रिकामी कशी देऊ?" ते म्हणाले. म्हणून त्यांनी मिस्त्रीकडून दुकानातला एक चांगला तुकडा काढून पेनड्राइव्हवर घालून आणला होता. आमच्या घरचाच माणूस होता त्यात. ताईने लगेच तो टीव्हीला लावला.

चपलांचं दुकान दिसलं. गुरुवारची गर्दी. मधोमध मी. रफिकभाई बोलायला तोंड उघडतात, मी हात वर करून त्यांना थांबवतो. ते पुन्हा उघडतात, मी पुन्हा थांबवतो. मग मी गिऱ्हाइकांकडे वळून चार बोटं वर करतो, ऐटीत करंगळी मुडपतो, आणि काही हरवणं कसं शक्य नाही ते छाती फुगवून सांगतो. आणि हे सगळं माझ्या डोक्यावर बसून टिपत होती ती माझीच चौथी डिस्क.

मी म्हणालो, नशीब, कॅमेऱ्याला आवाज नव्हता.

"आवाज कशाला पाह्यजे," आई म्हणाली, आणि तिने चार बोटं वर करून करंगळी मुडपली.

तेव्हापासून आमच्याकडे काही हरवलं, मग ती किल्ली असो वा चष्मा, की सगळे आधी माझ्याकडे पाहून चार बोटं वर करतात, आणि मग आईला विचारायला जातात.