कोनशिलेसमोरची भिंत

बाजाराच्या दिवशी आई पाणी पीत नसे. उपास नव्हता तो. पहाटे भाजीची टोपली डोक्यावर घेऊन निघाली की संध्याकाळी घरी परतेपर्यंत घोटभरसुद्धा नाही. त्याचं कारण लिहिताना आजही शिसारी येते, पण लिहिते. आमच्या बाजारात बायांना जायला जागा नव्हती. पुरुषांना सगळ्या भिंती मोकळ्या होत्या आणि त्या त्यांनी वापरल्याही. भर दुपारी पाठ करून उभे राहायचे, चार हातांवर कोथिंबिरीच्या जुड्या मांडलेल्या असायच्या. बाया अंधार पडायची वाट बघत बसायच्या. आईला सारखी उन्हाळी लागायची. लघवीला आग होऊन कण्हत पडायची, धण्याचं पाणी प्यायची आणि पुढच्या बाजाराला पुन्हा कोरड्या घशाने बसायची. बाबा दुसऱ्याच्या शेतावर भाताची, वालाची कामं करायचे. त्या टोपलीशिवाय आमचं घर चालत नव्हतं.

गाव पेण आणि रोह्याच्या मधलं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथल्या पुढाऱ्यांना आणखी एक बॅनर लावायला निमित्त मिळेल.

गेल्या महिन्यात माझा थोरला भाऊ, गणपतदादा, गेला. गवंडी होता. वरसेला एका बिल्डिंगच्या कामावर चहा पिता पिता कोसळला. मी पेणला शाळेत शिकवते. वर्गावर होते तेव्हा वहिनीचा फोन आला. "वन्सं, हे गेले..." एवढंच बोलली. मी एसटीतून गावात उतरले तर दादाच्या आधी दादाचा बॅनर दिसला. त्याचं पुढे सांगते.

दादा सातवीतून सुटला आणि थापी हातात धरली. मी रोह्याला कॉलेजात गेले, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण माझं कॉलेज दादाच्या थापीवर झालं हेही लपवत नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना आई बाजारात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी का पीत नाही?  रात्री आईने मला एकटीलाच कारण सांगितलं, आणि मी ते दादाला सांगितलं.  तो म्हणाला, "मी लोकांचे संडास बांधतो गो. ब्लॉकमधले. टाइल लावून देतो, उतार काढून देतो... आन् माझी आय दिवसभर धरून बसते?"

तिथून सुरू झालं. अर्ज मी लिहायचे, कारण "तू शिकलेली, तुझं वाचतील." वाचले नाहीत. ग्रामसभेत दादा उभा राहिला की मागून कोणीतरी नाकाला रुमाल लावायचा आणि बाकीचे हसायचे. गावाला वेशीवर कमान हवी होती, आणि हा संडास मागत होता. कमान झालीसुद्धा, तिच्या खांबाशी पहिल्याच आठवड्यात पुरुष उभे राहू लागले. दादाला लोक संडासमिस्त्री म्हणायला लागले. त्याला त्याचं काही नव्हतं. "काम बोलतात ना, शिवी तर देत नाय," म्हणायचा. मला मात्र लाज वाटायची. पेणला नोकरीला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये कोणी विचारलं, भाऊ काय करतो, तर मी म्हणाले, कॉन्ट्रॅक्टर आहे. पुढाऱ्यांची किळस येते तेव्हा हेही आठवतं.

शेवटी निवडणूक आली आणि संडास मंजूर झाला. गावचे पुढारी, सगळे त्यांना भाऊ म्हणतात म्हणून मीही भाऊच लिहिते, त्यांनी नारळ फोडला. बांधकाम दादाच्याच हातचं. दिवसा डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आणि संध्याकाळी इथे. चार संडास, पाण्याची टाकी, आतून कडी. दाराच्या बाजूला भाऊंच्या नावाची काळी कोनशिला बसवली, तीही त्यानेच, ओळंबा लावून. फीत कापली, फोटो निघाले... आणि एकही बाई आत गेली नाही. एक बाजार गेला, दुसरा गेला, चार महिने गेले. आत कोणीतरी सिमेंटच्या रिकाम्या गोणी टाकल्या, गुटख्याच्या पिचकाऱ्या मारल्या. भाऊ चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "दिलं तरी वापरत नाय. या बायांना सवयच नाय चांगल्याची." लोक माना हलवत होते. दादा घरी आला तो रडवेला. आईवरच चिडला.

"आये, तुझ्यासाठी बांधलंय ना? मग जात का नाय?"

आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "उद्या दारात उभा रा घटकाभर. मंग इचार."

दुसऱ्या दिवशी दादा बायांच्या संडासाच्या दारात जाऊन उभा राहिला. समोर रिक्षांची रांग, तिच्या बाजूला पानटपरी, चहाची टपरी. सगळ्यांची तोंडं दाराकडे. थोड्या वेळात एक रिक्षावाला ओरडलाच, "काय रं गणपत, घाईची लागली काय?" सगळे खिदळले. दादा मला म्हणाला होता, "तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढ्या गड्यांसमोर कोण बाई आत जाईल? दार मागच्या अंगाला पायजे होतं. कोनशिला रस्त्यावरून दिसावी म्हणून पुढं काढलं. नकाशा त्यांचा, पण विटा तर मीच रचल्या ना! बांधताना एका बाईला इचारलं नाय मी." ती चूक तो मरेपर्यंत स्वतःचीच मानत आला.

दार फिरवणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने परवानगी न घेता दोन रविवारात दारासमोर आडभिंत घातली. माणूस उभं राहिलं तरी डोकं दिसणार नाही एवढी उंच, दोन्ही बाजूंनी वळून आत जायचं. या वेळी आईला विचारलं, आणखी काय हवं? ती म्हणाली, "टोपली कुठं ठेवायची? भाजीची टोपली त्या फरशीवर ठेवू व्हय?" मग त्याने आतल्या बाजूला, कोनशिलेच्या खाली, कंबरेएवढा कट्टा बांधला.

आडभिंतीमागे कोनशिला झाकली गेली. मंजुरीचं पत्र यायला वर्षं लागली होती; भिंत पाडायचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. बाजाराच्याच दिवशी भाऊ दोन माणसं आणि पहार घेऊन आले. दादा भिंतीला पाठ लावून उभा. त्याला बाजूला ओढलं तेव्हा आई टोपली घेऊन उठली, भिंतीला वळसा घालून आत गेली. तिच्यामागून मासळीवाली कोळीण, मग कांदेवाली, मग तिची सून. बघता बघता आत बायांची रांग लागली. पहारवाला थबकला. आतून कोळीण ओरडली, "पाड ना रं! आमी बसलोय आत. पाड, आन् सांग घरी जाऊन काय काय बघितलंस ते!" रिक्षांच्या रांगेतून पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. भाऊ पहार तिथेच टाकून गेले. ती पहार दादाने नंतर कामाला वापरली.

साफ करायला माणूस नेमला गेला नाही. म्हणून रोज सकाळी कामावर जायच्या आधी दादा बादली आणि खराटा घेऊन जायचा. काही नातेवाइकांनी त्याच्या घरचं पाणी सोडलं. आयुष्यभर भिंतींवर मुतलेल्या माणसांना त्याच्या हातांची घाण वाटत होती. आई गेली, दादा थांबला नाही. ओरडून ओरडून शेवटी त्याने ग्रामपंचायतीला पगारी बाई नेमायला लावली, तरीही रविवारी स्वतः जाऊन कड्यांना तेल घालायचा.

आता बॅनर. तो त्याच आडभिंतीवर बांधला होता. भाऊंचा फोटो मोठा, दादाचा खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. तिसऱ्या दिवशी शोकसभा झाली, तीत चौघे बोलले. कोणी "स्वच्छतेचं कार्य" म्हणाले, कोणी "ती सोय". भाऊ म्हणाले, मी आणि गणपत, आम्ही दोघांनी मिळून ते केलं. संडास हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही.  मी सभेतून उठले आणि वहिनीला घेऊन तिथे गेले. वहिनीने घरून विळा आणला होता, मला न सांगता. बॅनरच्या दोऱ्या तिनेच कापल्या.

मग आत वळले. बाजाराचा दिवस होता. कट्ट्यावर टोपल्या एकीला एक लागून ठेवलेल्या, त्यांच्यामागे कोनशिलेवरचं एकही अक्षर दिसत नव्हतं. कट्ट्याची कड टोपल्या घासून गुळगुळीत झालेली. कड्यांना तेल होतं. शेवटच्या रविवारचं असणार.

चार संडास आहेत. नळाला पाणी आहे. दार आतून लागतं आणि बाहेरून दिसत नाही. आमच्या बाजारात बाया आता दिवसा पाणी पितात.