आजोबांना मी झोपवलं

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, आईसमोर तर नाहीच. आणि बघा, आताही मी आधी उपकारांबद्दलच बोलणार — कारण ते खरे आहेत, आणि ते दुसरं त्यांच्याच पोटात दडलेलं आहे.

साठच्या दशकात आमच्या बेंगळुरातल्या एका संस्थेत तरुण संशोधकांसाठी वरच्या दर्जाचं प्रशिक्षण होतं. प्रथिनांचे रेणू कसे घडतात, कसे वळतात, ते चुंबकाच्या मदतीनं वाचायला शिकायचं. खोली अडवून बसलेला भला मोठा विद्युतचुंबक. त्याच्या फटीत काचेची बारीक नळी सोडायची, नळीत आपला पदार्थ — आणि शेजारच्या कागदावर पेन डोंगर काढत जायचं. पहिला डोंगर उमटला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांना कधीच दिसणार नाही असं काहीतरी आपल्याला ओळख देतंय — आणखी काय हवं असतं?

आम्हाला शिकवणारे सर त्या चुंबकाला आजोबा म्हणत. एकदा झोपले की पुन्हा ताळ्यावर यायला त्यांना दीड-दोन दिवस लागत, म्हणून प्रशिक्षण संपेपर्यंत त्यांना बंद करायचं नाही. दिवे घालवा, दार लावा, आजोबा मात्र जागेच. एवढा एकच नियम.

माझ्याबरोबर शिकणारा वेंकटेश शहराबाहेरच्या होसकोट्याहून, त्याच्या गावाहून, रोज बसनं यायचा. आमच्यात मी एकटीच मुलगी, त्याच्याहून थोडी मोठी, म्हणून मी अक्का. चुंबकाचं क्षेत्र एकसारखं करण्याच्या चकत्या मी धसमुसळेपणानं फिरवायचे. तो शेजारून म्हणायचा, "अक्का, स्वल्प हळू! आजोबांना गुदगुल्या होतायत." हसता हसता त्यानं मला ते शिकवलं. आज माझे विद्यार्थी म्हणतात, बाईंचा हात हलका आहे. तो हात त्याचा आहे.

शेवटच्या दिवशी त्याची पाळी होती. स्वतः खपून तयार केलेला प्रथिनाचा एक छोटा तुकडा — नाजूक, फार टिकणारा नव्हता. ज्याचं काम सरांना भावेल त्याला पुढं वर्षभर त्या यंत्रावर ठेवून घेणार होते. जागा एक. सगळ्यांना ठाऊक होतं ती कुणाची.

आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांबरोबर निघाले. वेंकटेश तेवढा मागं थांबला होता. फाटकापर्यंत पोचले आणि छत्री आठवली. परत गेले तर तोही मागच्या दारानं बस गाठायला निघून गेलेला. छत्री घेतली. आणि निघताना —

आमच्या घरी अण्णांची, माझ्या वडिलांची, शिस्त होती. खोलीतून बाहेर पडणाऱ्यानं भिंतीवर हात फिरवायचा, खाली असलेला प्रत्येक खटका वर करायचा. लहानपणापासूनचा हात तो. दाराशी दिव्याचा खटका होता, त्याच्या शेजारी आजोबांचा. मी दोन्ही वर केले. मनात रात्रीच्या भाजीचा विचार होता, बहुतेक.

सकाळी आजोबांचा काटा शून्यावर. पाहताक्षणी मला कळलं.

सरांनी विचारलं, शेवटी कोण होतं? मी तोंड उघडणार होते — खरंच उघडणार होते का? — तेवढ्यात वेंकटेश म्हणाला, "मीच असणार, सर. बसच्या घाईत... मला आठवत नाही." त्याला स्वतःबद्दल ते खरं वाटलं. न केलेल्या गोष्टीची माफी मागताना त्याचे कान लाल झाले होते. मी खाली बघत राहिले. एकटी मुलगी होते, घाबरले होते, असं आज सांगता येईल. पण नाही. एकच जागा होती आणि ती मला हवी होती.

ती मला मिळाली. त्याचा पदार्थ नळीतच खराब झाला.

पुढं जे काही मिळालं — काम, नाव, सरांची माया, आज हेब्बाळच्या रस्त्यानं जाताना मला हात करणारी ही माझी विद्यार्थी पोरं — त्यातली एकही गोष्ट मी फुकाची मानत नाही. रोज आभार मानते. पण कुणाचे?

वेंकटेश गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. एकदा त्याच्या वर्गात मला बोलावलं होतं. पोरांना म्हणाला, "ही आमची अक्का. हिनं आजोबांना सांभाळलं. आणि तुमच्या या मास्तरानं काय केलं? झोपवून टाकलं!" वर्ग खिदळला. तो सगळ्यात मोठ्यानं. मीही हसले.

हे मी मराठीत लिहिलं. घरची भाषा, म्हणून — असं मला लिहिताना वाटत होतं. आता वाचून पाहिलं तेव्हा ध्यानात आलं: वेंकटेशला मराठी वाचता येत नाही.

उद्या रविवार. होसकोट्याची बस सकाळी आहे. त्याला कन्नडमध्येच सांगेन, त्याच्या बायकोसमोर, मुलांसमोर: खटका मी वर केला होता. तू नाही.