एफीचं फुंकणं

बाळाला बघायला येणारा जो तो बाळाच्या गालांचं कौतुक करायचा, आणि पेगीची नजर मात्र लेकीच्या पोटावर. एफीचं सिझेरियन झालं होतं. वरचे टाके छान भरलेत असं नर्स म्हणाली होती. पण आतलं कुणाला दिसतंय? आणि ही बया येत्या शनिवारी बेटावरच्या खेळांच्या मैदानात बॅगपाइप वाजवत मिरवणुकीच्या पुढे चालणार होती! मेंढ्यांना खाणं टाकताना, दोरीवरचे लंगोट काढताना पेगीच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं: एफी पाइपच्या पिशवीत हवा भरते आहे, कानापर्यंत लाल झाली आहे, आणि आत कुठंतरी काहीतरी टरकन उसवतं आहे.

"अगं आई, मी तोंडानं फुंकते, पोटानं नाही," एफी म्हणायची.

"मला शिकवू नकोस. पहिल्या फुंकरीला पोट कसं दगड होतं ते मी बघितलंय. नर्सला विचारलंस का?"

"जड उचलू नकोस म्हणाली. पाइप काही जड नाहीत."

"वकील व्हायला हवी होतीस तू!"

पेगीला बॅगपाइपचा राग नव्हता. उलट त्या वाद्याचे तिच्यावर उपकारच होते. लहानपणी एफी म्हणजे हाडांचा सापळा. हिवाळा लागला की छाती भरायची, मग सगळा हिवाळा कफ आणि वाफारा. बोलायला गेली तर आवाज ओठांच्या आतच राहायचा. शेजारच्या वस्तीतले लाकलनमास्तर शाळेत वाजवायला शिकवत. पेगीनं भीतभीतच पोरीला त्यांच्याकडे धाडलं. सुरुवातीला फुंकलेली निम्मी हवा एफीच्या नाकातून बाहेर पडायची आणि घर्रर्र असा आवाज व्हायचा. पोरं तिला डुकरीण म्हणायची. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "एफी, नाकाला सांग, आज तुला सुट्टी." मग पाण्याच्या पेल्यात पोकळ काडी बुडवून, तिच्यातून फुंकून बुडबुडे काढायला लावले. गाल फुगवायचे नाहीत, खांदे उचलायचे नाहीत, श्वास खालून आणायचा. मोठे पाइप त्यांनी तिच्या हातात फार उशिरा दिले. "आधी छाती, मग पिशवी," असं ते म्हणत. हळूहळू एफीचे हिवाळे कोरडे जाऊ लागले. ती जेवू लागली, भांडू लागली. आता शाळेची बस चालवते, तर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तिच्या एका हाकेत गप्प बसतात.

मास्तरांचे दात गेले तेव्हा त्यांनी वाजवणं सोडलं. कवळीनं फुंकनळी धरता येत नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आपले पाइप त्यांनी एफीला दिले, आणि मिरवणुकीतली पुढची जागाही. म्हणूनच ती हटत नव्हती.

"मास्तरांची मिरवणूक एकदा तरी चुकली का?" ती म्हणाली. "ताप असो, पाऊस असो, सगळ्यांत पुढे तेच. दुखतंय असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलंस?"



गुरुवारी दुकानात पिठाच्या पिशव्यांपाशी तिला मास्तरांची बहीण बेला भेटली. बेलाला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचं गुपितही चार माणसांना ऐकू जातं.

"एफी वाजवणार म्हणे?" बेला म्हणाली. "टाक्यांवर? तिला वेड लागलंय! आमच्या लाकलनचं काय झालं ते बघितलं ना?"

"मास्तरांचं? त्यांचे तर दात..."

"कसले दात! हर्निया आहे त्याला. दोनदा शिवला, दोनदा उसवला. पट्टा बांधून वाजवायचा. तो पट्टा मी धुते, मला नाही माहीत?"

"हे कधीपासून?" पेगीनं विचारलं.

बेला हसली. "तुला खरंच ठाऊक नाही? अगं, तुझ्या लग्नाचा आहेर आहे तो! अपेंडिक्स काढून नुकता घरी आला होता. डॉक्टर नको म्हणाले, मी दारात आडवी उभी राहिले. तर म्हणतो, पेगीच्या लग्नात वाजवीन असा तिच्या बापाला शब्द दिलाय, आणि तो बिचारा आता शब्द मोड म्हणायलाही उरला नाही. मला ताकीद दिली, पोरीला कळता कामा नये, नाहीतर लग्नाची आठवण निघाली की तिला वाईट वाटेल."

पेगी पीठ तिथंच विसरून घरी आली.

लग्नाचा दिवस तिला लख्ख आठवत होता. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. चर्चपासून घरापर्यंत समुद्राकाठची वाट, समोरून वारा, आणि पुढे मास्तरांची ताठ पाठ. त्या सुरांमुळेच तिला न रडता चालता आलं होतं. दुपारी नाचाच्या वेळी ते भिंतीपाशी वाकून बसलेले दिसले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मास्तरांना जास्त झालेली दिसते. सगळे हसले होते. मास्तरही हसले होते.

तिला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. एका माणसानं आपल्याला इतकं दिलं, आणि ते आपल्याला कळू नये म्हणून इतकी वर्षं दुखणं लपवलं, वर दातांची कथा सांगितली!

बाहेरच्या शेडमधून सूर जुळवल्याचा आवाज आला. एफीनं पाइप खोक्यातून काढले होते.

आईचं ती ऐकणार नव्हती. नर्सचे शब्द तिनं आपल्या सोयीनं वाकवले होते. ती ऐकेल ते मास्तरांचंच, आणि तेही त्यांनी नको म्हटलं म्हणून नाही. त्यांनी तिला पट्टा दाखवला, दुखत होतं असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तरच. पण त्यासाठी आपल्याला कळलंय हे पेगीला त्यांच्यापाशी कबूल करावं लागणार होतं. त्यांनी एवढं जपलेलं झाकण आपणच उघडायचं. मास्तर ओशाळतील. बेलाला चार शब्द ऐकवतील. आभार मानले तर, कसले आभार, रेडिओ लागलाय, ठेव फोन, असंही म्हणतील.

म्हणू देत. आभार आधी मानायचे, मग मागायचं, असं तिनं ठरवलं. रेडिओवर बोटींसाठीचा हवामानाचा अंदाज लागला की मास्तर कुणाचाच फोन उचलत नसत, आणि तो लागायला थोडाच वेळ उरला होता. पेगीनं डोळे पुसले, ओट्यावरचा फोन उचलला आणि मास्तरांचा नंबर फिरवायला घेतला.